ऑल्टरेशन

खानापूर रोडला उद्यमबाग सुटली की
कंडक्टर अजून ओरडतो, "मॉल! मॉल कोण हाय?"
आणि उतरते मी एकटीच,
गळ्यात टेप, पिशवीत कात्री.

दुसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पाठीमागं
माझं मशीन होतं.
पाटीवर एकच शब्द तीन लिप्यांत: ऑल्टरेशन.
त्यातला मराठी एका रात्री कुणी डांबर फासून झाकला.
मी झाकूच दिला.
चेन तुटलेली पँट धरून आलेला माणूस
पाटी वाचत नाही.

पहिल्या वर्षी रविवार म्हणजे
येळ्ळूर, धामणे, देसूर, सगळा शिवार जिन्यावर.
देसूरच्या भागीरथीकाकू वर गेल्या मशीनवरून,
खाली आल्या पायऱ्या उतरून, गुडघे धरत.
का विचारलं तर म्हणाल्या,
"चढवूदे की कुणी बी. उतरायचं आपलं आपण."

मग थिएटर बंद पडलं.
मग बुटांचं दुकान, त्याच्या काचेत
एकाच पायाचे बूट बरेच दिवस राहिले.
एसी गेला. फूड कोर्टात शेवटी
दावणगिरी डोसेवाला आणि कबुतरं.
जिना थांबला त्या दिवशी कळलं,
थांबलेल्या जिन्यावर माणूस अडखळतो.
पायाला वाटत राहतं, हे चालणार आहे.

इरण्णा तेवढा राहिला, दारावरचा.
रोज सकाळी माझी पिशवी उघडून बघायचा,
कात्री बघायचा, परत ठेवायचा.
"ऊटा आतेन्री, अक्का?"
"झालं की."
संध्याकाळी तेच, उलट बाजूनं.
सबंध इमारतीत तपासण्यासारखं
तेवढंच उरलेलं.

आता हॉस्पिटल होणार आहे. डायलिसिसचं.
वरच्या दोन मजल्यांवर नर्सांचं हॉस्टेल.
मला बोलावलं ते पडद्यांसाठी:
चौऱ्याऐंशी, हिरवे, बेडाभोवतीचे.
बेंगळूरहून आलेली इंजिनिअर मुलगी
भिंतीवर लाल ठिपका मारते,
पापणी लवायच्या आत आकडा सांगते.
मी टेप लावली, स्टुलावर चढून.
दोघींत दीड इंचाचा फरक.
ती म्हणाली, लेझर चुकत नाही.
मी म्हटलं, कापड चुकतं, बाई,
पहिल्या धुण्याला आकसतं.
तिनं माझा आकडा लिहिला
आणि त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह.

पाइप टाकायला तळघराची फरशी फोडली
तेव्हा खाली काळी माती निघाली, ओली.
इरण्णा म्हणाला, ही बिर्ज्यांची भाताची पट्टी,
इथं बासमती होत होता, गल्लीभर वास सुटायचा.
मी खाली वाकून वास घेतला.
सिमेंटचाच आला.

जिना काढून नेला परवा, तुकड्यातुकड्यानं.
दात असलेल्या पट्ट्या भंगारवाल्यानं
तराजूत टाकल्या तेव्हा आवाज झाला
एवढा मोठा, की कामगार गप्प झाले,
आणि मग कुणीतरी उगाच हसलं.

माझ्या मशीनच्या जागी अकरा नंबरचा बेड येईल.
खुणेला खडूनं चौकोन मारलाय,
मापात उभी राहून बघितलं मी.
पुरतो.

घरी खोक्यात सतरा नग पडून आहेत,
चिठ्ठ्या लावलेले, न नेलेले.
दोन ब्लाऊज, एक कोट, कुणाचा तरी लग्नातला.
आणि मुतगेकरांच्या पोराची शाळेची पँट,
"दीड इंच कमी", आईच्या अक्षरात.
किती पावसाळे झाले त्याला.
दीड इंचावर थांबला नसेल तो.

काल रात्री दिव्याखाली घेऊन बसले,
ब्लेडनं एकेक टाका काढला.
घडीच्या आत कापड अजून नवं, गडद,
बाहेरचं विटलेलं.
आत माया होती.
चांगली दोन बोटं.